अनसाआत्या आणि आडावरचा पाहुणा

लाटण्याचं एक टोक मोटारीच्या अंगाला, दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटलेले. सासरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी परसात मी अशी एक बाई उभी पाहिली. लुगडं वर खोचलेलं, कपाळाला आठी, एक हात वर केलेला, सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून. तेवढ्यात एक कोंबडी ओरडली, तर मिटल्या डोळ्यांनीच तिच्याकडे तोंड करून बाईनं "शूऽ" केलं. मला वाटलं, या घरात एक वेडी बाई आहे आणि सोयरीक जुळवताना ती आमच्यापासून लपवून ठेवली. मग तिनं डोळे उघडले, लाटणं पदराला पुसलं आणि माझ्या हातात देत म्हणाली, "घे. आता पोळ्या लाट. बेरिंग बरं हाय."

ही अनसाआत्या. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. पाळण्यातलं नाव अनसूया, पण एवढं लांब नाव घ्यायला तिच्यासमोर कुणाला सवडच मिळायची नाही. त्याआधीच ती बोलायला लागलेली असायची.

मी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. आमच्याकडे पाणी काढायचं नसतं, धरायचं असतं. ओहोळाखाली हंडा ठेवायचा आणि भरेपर्यंत गप्पा मारायच्या. सातवीत असताना आई आजारी पडली आणि शाळा सुटली, ती सुटलीच. लग्न झालं तेव्हा मला विजेची मोटार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, बाजरीची भाकरी थापता येत नव्हती, आणि सोनईपर्यंत यायला दोन एसट्या बदलाव्या लागतात एवढ्यावरूनच माहेर किती लांब ते कळत होतं. भीती तर माझ्या अंगातच होती. कुणी हाक मारली की आधी छातीत धस्स व्हायचं, मग ओ निघायची.

सासरचं घर बऱ्यापैकी. मागं परस, परसात आड. अरुंद तोंडाचा आणि उथळ, चार पुरुषही खोल नसेल. यांच्या खापरपणजोबांनी खणलेला. मी यायच्या दोनेक वर्षं आधी यांनी नगरहून लहानशी विजेची मोटार आणली, आडाच्या काठावर चौथरा बांधून बसवली, आणि वर सिमेंटची टाकी केली. घरात नळ आला. आसपासच्या बायाही टाकीखाली हंडे लावायला येऊ लागल्या. रहाटाचं लाकूड काढून गोठ्याला लावलं.

रहाट गेला त्याचा अनसाआत्याला फार राग आला होता म्हणे. जन्मभर तिनंच त्या आडाचं पाणी शेंदलेलं. पहिले काही महिने ती मोटारीशी बोलत नव्हती. बोलत नव्हती म्हणजे खरोखरच बोलत नव्हती, कारण ज्या वस्तूशी तिचं बरं असायचं तिच्याशी ती बोलायची. चुलीशी, जात्याशी, शेळीशी. मोटारीला मात्र ती "तो पाहुना" म्हणायची, तोंड फिरवून. "तुमचा तो पाहुना आज का वरडतोय?"

पाहुण्याशी तिचं सूत कसं जमलं ते मला यांनी सांगितलं. एकदा मोटार बिघडली म्हणून नगरहून मिस्त्री आला. त्यानं पाना काढला, एक टोक मोटारीला लावलं आणि दुसरं कानाला. आत्या लांबून बघत होती. तिला राहवेना. तिनं मिस्त्रीला जेवायला बसवलं आणि भाकरीगणिक एक प्रश्न विचारला. कानाला काय ऐकू येतं? बरं असलं तर कसं वाजतं? बिघडलं तर कसं? पानाच पाहिजे का, लाकडानं चालेल का? मिस्त्री भला माणूस. त्यानं सगळं सांगितलं, आणि जाताना म्हणाला, "आता मला बोलवायची गरज न्हाई, आजी." आत्यानं त्याला तिथंच झापलं. "आजी कुनाची? आनि गरज न्हाई कशी? मला हिचं पोट उघडता येतं व्हय? तू यायचंस." तो पुढंही येत राहिला, आणि आल्यावर पहिल्यांदा आत्याकडे जाऊन विचारायचा, "काय म्हणतो पाहुणा?"

मोटारीला पाणी भरायचं तिनंच मला शिकवलं. पंप सुरू करण्याआधी वरचं बूच काढून आत तांब्यानं पाणी ओतायचं, काठोकाठ भरलं की बूच लावायचं, मगच कळ दाबायची. रिकामा पंप नुसता फिरतो, पाणी उचलत नाही. मला हे काही केल्या डोक्यात शिरेना. पाणी काढण्यासाठी पाणी कशाला ओतायचं?

"ए अकोलेकरीण," आत्या म्हणाली. पहिले कित्येक महिने तिनं मला दुसऱ्या नावानं हाकच मारली नाही. "तुमच्या डोंगरात पाहुना दारात आला तर आधी काय करता?"

"पाणी देतो."

"का आधी म्हनता, उठ, सरपन फोड?"

"आधी पाणीच देतो."

"मग ह्याला बी आधी पानी द्यायचं, आनि मग काम सांगायचं."

त्यानंतर मी कधी चुकले नाही.

आता ती सर्वज्ञ होती असं मात्र कुणी समजू नये. तिच्या हातून पाहुण्याचे हालही झालेत. एका थंडीत मोटार सकाळी कुरकुर करायला लागली, तर आत्यानं निदान केलं की गारठली. तिनं तिला जुनी गोधडी पांघरली आणि वरून सुंभानं बांधली. दुपारी कुणीतरी तशीच कळ दाबली. थोड्या वेळानं परसात जळका वास आणि आत्याचा आरडाओरडा. मोटार बैलगाडीतून एसटीपर्यंत आणि एसटीच्या टपावरून नगरला गेली, तिथं आतली तार पुन्हा गुंडाळून आली. घरात सगळे चिडले होते. आत्या ओट्यावर बसून मिसरी लावत होती. मिसरी थुंकून ती एवढंच म्हणाली, "पाहुन्याला पानी द्यावं ते खरं, पर पांघरून त्याचं त्यानं मागावं." आणि पुढं कधी कुणी चुकलं, दूध उतू गेलं, मीठ जास्त पडलं, तर आत्या स्वतःच म्हणायची, "असू दे, मी गोधडी घातली होती." मग कुणाला रागावता यायचं नाही.

तिची एक रीत होती. कशातही बिघाड झाला की ती "वरनं खाली" जायची. चूल धुरली तर आधी कौलातलं धुराडं बघायचं, मग चुलीच्या बाजूचा अवेल, मग लाकडं ओली आहेत का ते. मूल रडायला लागलं की आधी डोकं चाचपायचं, मग कान, मग पोट, शेवटी पायाला काही टोचलंय का. आणि हे सगळं होईपर्यंत कुणी म्हणालं, "दृष्ट लागली असंल," तर ती फिस्कारायची. "हात लावून बघितलंस का? हात लावून बघितल्याबिगर दोष द्यायचा न्हाई." हे वाक्य तिच्या तोंडात दिवसातून कितीदा यायचं. मला ते तेव्हा नुसतं बोलण्याची सवय वाटायची.

माझं लग्न झालं त्याच वर्षी पावसानं ओढ दिली. बहात्तर सालचं ते. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, गावातल्या विहिरींचे तळ दिसायला लागले. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. सासूबाई रोज सकाळी आडात डोकावून यायच्या आणि चुलीपाशी बसायच्या. अशा दिवसांत एका सकाळी मी पंपात पाणी भरलं, कळ दाबली, मोटार फिरली, आणि टाकीत थेंब पडला नाही. पुन्हा भरलं, तरी नाही. यांनी येऊन केलं, तरीही नाही.

शेजारच्या शेवंताकाकू हंडा घेऊन आल्या होत्या. रिकामा हंडा कमरेवर घेऊन त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि जाताना सासूबाईंना म्हणाल्या, "पारूबाई, एवढ्या वर्सांत हा आड कधी आटला न्हाई बघा. यंदाच." मग माझ्या पायांकडे बघितलं.

माझे पाय. मी ते लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतले.

सासूबाई वाईट नव्हत्या हे आज मी शपथेवर सांगेन. त्या घाबरल्या होत्या. घाबरलेल्या माणसाला कारण लागतं, आणि घरातलं नवं माणूस कारणासाठी हाताशीच असतं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांपाशी त्यांचं बोलणं मी भिंतीआडून ऐकलं. "पोरीला चार दिवस माहेरी धाडू. तिकडं पानी हाय. पाऊस पडला म्हंजे आनू." सासरे हं म्हणाले. बाजाराच्या दिवशी गावातली गाडी एसटीपर्यंत जायची, तिच्यातून मला पाठवायचं ठरलं. यांनी मान खाली घातली. त्या काळी आईबापासमोर तरुण मुलगा आणखी काय करणार?

मी पेटी काढली आणि पातळांच्या घड्या घालायला लागले. हात चालत होते, पण डोळ्यांपुढं आईचा चेहरा होता. आणायला कुणी आलं नाही तर ती गावाला काय सांगेल?

आत्या दारात येऊन उभी राहिली. "पेटी कशाला काढलीस?"

मी सांगितलं, चार दिवसांसाठी.

तिचं दातांवरचं मिसरीचं बोट तसंच थांबलं. ती वळली आणि सरळ ओट्यावर सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. धाकट्या भावाला ती नावानंच हाक मारायची.

"सदा, पोरीला चार दिवसांसाठी धाडतोस?"

"व्हय आक्का. तिकडं पानी..."

"मला बी चार दिवसांसाठीच धाडलं होतं."

घरात सगळ्यांना ती हकिकत माहीत होती, पण तिच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती, आणि मला तर कुणी सांगितलीच नव्हती. आत्याचं लग्न झालं त्या वर्षी तिच्या सासरच्या दावणीचा बैल मेला. "घटसर्प आला होता," ती म्हणाली. "निम्म्या गावाचे बैल मेले. त्यांच्या दारातले घटसर्पानं मेले, आनि आमच्या दारातला माझ्या पायानं. चार दिवस माहेरी जाऊन ये म्हनले. मी पेटीत दोनच लुगडी घातली होती." मग आवाज जरासुद्धा न चढवता ती म्हणाली, "त्या बैलाच्या गळ्याला कुनी हात लावून बघितलं न्हाई, सदा. सूज दिसली असती."

आत्यानं मग सौदा मांडला. बाजाराच्या दिवसापर्यंत तिला मोकळीक द्यायची. दोष आडाचा निघाला तर ती स्वतः मला गाडीत बसवेल. मोटारीचा निघाला तर पेटी जागेवर जाईल आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "वन्सं, आड आटतोय ते दिसतंय की डोळ्यांनी."

"डोळ्यानं दिसतंय. हातानं बघू."

आणि ती कामाला लागली. नगरच्या मिस्त्रीला निरोप पोचून तो येईपर्यंत बाजार उलटला असता. मी तिच्याबरोबर. आपल्या नशिबाचा निकाल आपणच दोर धरून बघायचा, असं ते काम होतं.

पहिल्यांदा तिनं आडात दोराला बांधून दगड सोडला. वर काढल्यावर दोर कुठवर ओला झालाय ते स्वतःच्या अंगाला लावून बघितलं. पायापासून कमरेच्या वर. "पानी हाय," ती म्हणाली. "खाली गेलंय, पर हाय. पाइपाचं तोंड बुडंल एवढं हाय." मी तो ओला दोर हातात घेतला. गार होता. मला रडू आलं, तर ती म्हणाली, "आत्ताच रडू नको. अजून लई बघायचं हाय."

मग वरनं खाली. लाटणं लावून मोटार ऐकली. मोटार ठीक. मग पंपापासून आडात उतरणाऱ्या पाइपाचे सांधे. कुठं बारीकशी चीर असेल तर पंप पाण्याऐवजी वारा ओढतो, हे तिला मिस्त्रीनं सांगितलेलं. पण चीर दिसायची कशी? आत्यानं देव्हाऱ्यातून उदबत्त्या आणल्या. मला मोटार सुरू करायला लावली आणि पेटलेली उदबत्ती सांध्याभोवती हळूहळू फिरवायला लागली. परसाच्या कुडावरून शेवंताकाकू आणि आणखी दोघीतिघी बघत होत्या.

"पंपाची आरती चाललीय व्हय, अनसाबाई?"

"व्हय. परसादाला या."

वाकड्या नळीपाशी धूर सरळ वर जायचा तो वळला आणि आत ओढला गेला. आत्याचं तोंड असं उजळलं की मला वाटलं सुटले. यांनी तो सांधा खोलला, अंबाडीचं सूत गुंडाळून, रंगाचा लेप देऊन पुन्हा घट्ट बसवला. पाणी भरलं, कळ दाबली. पंप खोकला, नळातून गढूळ पाण्याची एक चूळ पडली, आणखी एक, आणि बंद.

कुडापलीकडे कुणीतरी हसलं. बाजार दुसऱ्या दिवशी होता.

त्या दुपारी आत्या जेवली नाही. चौथऱ्यावर बसून ती पुन्हा पुन्हा एकच गोष्ट करत होती. बूच काढून पंप काठोकाठ भरायचा आणि बघत बसायचं. भरलेलं पाणी हळूहळू खाली जायचं. पुन्हा भरायचं. पुन्हा जायचं. शेवटी ती म्हणाली, "पाहुना पितोय, पर पोटात ऱ्हात न्हाई." मग ती उठली. "खालचं दार उघडं ऱ्हातंय. पाइप वर काढायचा."

पाइपाच्या तळाला एक झडप असते, जाळी लावलेली. मिस्त्री तिला फूटव्हॉल्व्ह म्हणायचा, आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. पाणी आत येऊ द्यायचं आणि परत जाऊ द्यायचं नाही एवढं तिचं काम. सासूबाई म्हणाल्या, काढलेला पाइप परत बसला नाही तर? आत्या म्हणाली, "मग मी रहाट परत लावीन आनि मरस्तवर शेंदीन. काढा."

यांनी आणि शेजारच्या दोघा पुरुषांनी आडावर आडवं लाकूड टाकून, दोर बांधून पाइप वर ओढला. परसात आता बरीच माणसं जमली होती. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी. चिखलानं माखलेली झडप काठावर आली. तिच्या जाळीचा एक कोपरा गंजून तुटलेला होता आणि त्या भोकातून काहीतरी लोंबत होतं. आत्यानं ते धरून ओढलं. येईना. ती ओढत गेली तसं ते लांब होत गेलं, पीळ पडलेलं, काळं पडलेलं. मग तिनं ते तांब्यातल्या पाण्यात खळबळलं.

हिरवा रंग दिसला. मग पिवळी कड.

खण होता तो. आणि मी तो ओळखला, कारण आडात तो माझ्याच हातानं पडला होता.

सासरी रीत होती. नव्या नवरीनं पहिल्यांदा पाणी भरायच्या आधी आडाची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मी ओटी काठावर ठेवायला वाकले होते, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या होत्या, "आत सोड, पोरी. पान्याला पोचली पाहिजे." पाणी भरपूर असताना खण कडेच्या दगडांत कुठंतरी राहिला असणार. पाणी उतरलं तसा तो खाली जाळीपाशी आला, आणि पंपानं ओढून घेतला. झडपेच्या पाकळीत अडकून बसला. झडप मिटेना, पाणी टिकेना.

दोष मोटारीचा निघाला, पण फिरून माझ्यावरच आला, असं मला वाटलं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. खण त्यांच्या पेटीतला होता. त्यांनीही ओळखला होता. शेवंताकाकूंनी तोंड उघडलं, "म्हंजे नवरीच्याच..."

"थांब, शेवंते." आत्यानं ओला खण दोन्ही हातांनी पिळला, झटकला आणि गोठ्याच्या दांडीवर वाळत घातला, जसा काही रोजचा कपडा. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण सासूबाईंकडे बघून बोलली. "आडानं ओटी घेतली. मान दिला, तो त्यानं घेतला. आपल्या आजीनं सोडली, आईनं सोडली, पारू, तू बी सोडलीस. तवा आडात पाहुना न्हवता. रीत जुनी, पंप नवा. दोघांची वळख कुनी करून दिली न्हाई, एवढंच झालं. ह्यात आडाचा दोष न्हाई, पोरीचा न्हाई, तुझा बी न्हाई. दोष असलाच तर त्या जाळीचा. नवी जाळी आना."

सासूबाई मटकन आडाच्या काठावर बसल्या. मला वाटलं रागावल्या. पण त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आधी बारीक, मग थांबेनाच. "वन्सं," त्या म्हणाल्या, "माझा इरकली खण. नारळ कुठं गेला मग?"

"नारळाचं मला इचारू नको. तो पाहुन्याच्या घशात मावला न्हाई."

तुटकी जाळी यांनी तारेनं शिवली. पाइप सोडला. आत्यानं तांब्या माझ्या हातात दिला. मी पाणी भरलं. पाणी काठोकाठ आलं आणि तिथंच थांबलं. किती वेळ बघितलं तरी थांबलेलंच. मी बूच लावलं, कळ दाबली, आणि टाकीत धार पडली. धार बारीक होती, पण तुटली नाही. शेवंताकाकूंनी कुडावरूनच आपला हंडा पुढं केला. आत्यानं तो घेतला आणि सगळ्यात आधी भरून दिला. मला तेव्हा त्याचा राग आला. आज वाटतं, शेवंताकाकूंनी पुढं कधी माझ्या पायांकडे बघितलं नाही, ते त्या हंड्यामुळं.

पेटी कुणी उचलून जागेवर ठेवली ते मला माहीत नाही. मी चुलीपाशी गेले तेव्हा ती माळ्यावर होती.

आड त्या वर्षी पुढं आणखी खाली गेला. पंप दिवसातून थोडाच वेळ चालवायचा, मग आडाला भरायला वेळ द्यायचा, असं आत्यानं ठरवून दिलं, आणि त्या पाण्यावर आम्ही आणि शेजारच्यांनी दिवस काढले. रीतही थोडी बदलली. धाकट्या दिरांचं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीनं आडाची ओटी काठावर ठेवली, आत सोडली नाही. ती ओटी मग सवाष्णीला द्यायची असते. सासूबाईंनी ती उचलली आणि जमलेल्या बायांमधून वाट काढत अनसाआत्याकडे गेल्या. नवऱ्यानं न नांदवलेल्या बाईला अशा वेळी कुणी पुढं बोलवत नसे. ती नेहमी पाठीमागं, कामात. आत्या म्हणाली, "मला नको बाई, मोटारीच्या ग्रीसचे हात हायत." सासूबाई म्हणाल्या, "पदर पसरा, वन्सं." तिनं पसरला. त्यानंतर दिवसभर ती कुणाशीच बोलली नाही, शेळीशीसुद्धा.

पण आत्या म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं येते ती त्याच दुष्काळी वर्षातली दिवाळी. माझा पहिला दिवाळसण. भाऊ मुराळी म्हणून आला आणि मी माहेरी गेले. तेव्हा ठरलं होतं की भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सासरहून कुणीतरी मला आणायला यायचं. सगळं गोड झालं होतं, सासूबाईंनी स्वतः अनारसे बांधून दिले होते, पण माझा स्वभाव. भाऊबीजेच्या सकाळपासून मला अन्न जाईना. उद्या कुणी आलं नाही तर?

दिवस कलायच्या सुमारास ओहोळापलीकडच्या पायवाटेनं एक बाई येताना दिसली. हातात पिशवी, लुगडं खोचलेलं, चाल फुरफुरत्या घोड्यासारखी. मी ओरडतच धावले. घामानं भिजली होती. उभ्या जन्मात ती सोनई-नगरच्या पलीकडे गेली नव्हती, आणि दोन एसट्या बदलून, वाटेत प्रत्येकाला विचारत डोंगर चढून आली होती. आई गडबडली. पाणी दिलं, गूळ दिला, आणि भीतभीत म्हणाली, "आत्याबाई, उद्याचं ठरलं होतं ना?"

"उद्याचंच ठरलं होतं," आत्या म्हणाली. "सदाला सकाळीच ओवाळलं आनि निघाले. म्हनलं, उद्यावर ठेवलं तर पोरगी आज रातभर जागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओहोळावर गेली ती परत येईना. मी बघायला गेले. एका खडकावर बसून तिनं दोन्ही पाय वाहत्या पाण्यात सोडले होते. ते पाणी वरून कुठून येतंय, कोण काढतंय, कुठं चाललंय, कशाचा काही हिशेब नाही, नुसतं वाहतंय, हे ती तोंडाला पदर लावून बघत होती. आयुष्यभर पाणी शेंदलेली बाई. घरून हाका यायला लागल्या. एसटीची वेळ झाली होती, भाऊ पेटी डोक्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. मी म्हणाले, "आत्या, गाडी चुकंल."

तिनं पाय आणखी थोडे पुढं सरकवले.

"चुकू दे. दुसरी असंल," ती म्हणाली. "अगं, कुनाला तरी आनायला म्हनून जन्मात पयल्यांदा आले हाय. बसू दे जरा."